पडद्याअलीकडचं माप

ता. २ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि.

तुम्ही गेलात आणि दोन दिवसांतच मला दवाखान्यातून घरी सोडलं. फोनवर तुम्ही रोज विचारता आणि मी रोज बरी आहे म्हणते, कारण फोन दुकानात आहे आणि दुकानात तुमचा भाऊ आहे. खरं लिहायचं तर कागदच बरा.

डावी बाजू पूर्ण काढली, ते तुम्ही होतातच तेव्हा. पण काखेतल्या गाठींचा अहवाल परवा आला. त्यातल्या दोन गाठींपर्यंत रोग पोचला होता. म्हणून आता किमो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळ्या खेपा पुऱ्या करायच्या, मध्ये सोडून चालणार नाही, नाहीतर कापलं ते फुकट जाईल. मी मान हलवली. मान तेवढी हलते अजून. डावा हात खांद्याच्या वर जात नाही. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायचा व्यायाम दिलाय. मी दुकानातला खडू आणून रोज कुठवर पोचले तिथे रेघ मारते. अजून सगळ्या रेघा एकमेकींच्या अंगावर बसल्यात.

आता खरी तक्रार. सेवेत काही कमी नाही हो. पाणी हातात, गोळ्या वेळेवर, उशी पाठीला. पण तुमच्या भावाची नजर माझ्या हनुवटीच्या खाली उतरत नाही. तोंडाकडे असं एकटक बघतात, की नाकाला काही लागलंय का म्हणून मीच हात लावून बघते. कोपऱ्यावरच्या नर्सबाई पट्टी बदलायला येतात तेव्हा हे कात्री घेऊन खाली जातात, कापायला काही नसलं तरी. अंथरूणही खाली कटिंगच्या खोलीत नेलंय. म्हणे यांच्या खोकल्याने माझी झोप मोडते. हा खोकला मी लग्नापासून ऐकते आहे, मला त्याची कधी अडचण झाली नव्हती.

आपल्या दुकानाची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. बायकांची मापं पडद्याअलीकडे मी घ्यायची, आकडे मोठ्याने सांगायचे आणि पलीकडे यांनी लिहून घ्यायचे. इतक्या वर्षांत यांनी एका बाईला टेप लावला नाही, तरी बायका म्हणतात यांच्या हातचा ब्लाउज अंगावर बसतो. तोच पडदा आता यांनी वर माझ्या खोलीत आणून लावलाय, असं मला वाटतं. कपड्याचा असता तर मी हाताने सारला असता.

कळावे. लोभ आहेच, आजारी माणसासाठी त्यात थोडी भर घालावी.

तुमची
वहिनी

———

ता. ९ फेब्रुवारी

ती. स्व. वहिनीस,

शि. सा. न. वि. वि.

नमस्कार पोचला असं समज आणि आशीर्वाद द्यायला उजवा हात वापर. डावा भिंतीवर राहू दे.

इथे परीक्षा तोंडावर आल्यात आणि माझं वसतिगृह म्हणजे नुसता बाजार झालाय. एका मजल्यावरच्या मुली गरम पाणी संपवतात आणि दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दाराशी येऊन रडतात. रेक्टर म्हणून मला सुट्टी मिळायची ती परीक्षा संपल्यावरच. नाहीतर तुझी पत्रं वाचत बसणारी बाई मी नव्हे, हे तू जाणतेसच.

दादाचं म्हणशील तर त्यात नवल काही नाही. तो घाबरला की त्याचं तोंड बंद होतं आणि मशीन चालू होतं. आई आजारी होती तेव्हा तू या घरात आली नव्हतीस. त्याने घरातल्या सगळ्या उशांना अभ्रे शिवले, शेजाऱ्यांच्या उशांनाही शिवले, पण आईच्या खोलीत कधी पाऊल टाकलं नाही. दारातूनच जेवलीस का विचारायचा. आई गेली तेव्हा घरात माणसांपेक्षा अभ्रे जास्त होते. त्याचा जीव नव्हता आईवर असं नाही. फार होता, म्हणूनच दारात उभा राहायचा.

पण म्हणून तू गप्प बसू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू दहा दिवस गप्प बसतेस आणि अकराव्या दिवशी भांडं आपटतेस. या वेळी भांडं आधी आपट. न सांगता ओळखायला तो काही मनकवडा नाही. काय हवंय ते त्याला तोंडाने सांग.

पहिल्या खेपेनंतर दोन ओळी टाकच. काळजीने माझं वजन कमी होईल असं वाटलं होतं, तेही होत नाहीये.

कळावे. राग आला तर माझ्यावर काढावा, लोभ मात्र मोडू नये.

तुझी नणंद, स्वभावाने सासू

———

ता. १ मार्च

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि.

पहिली खेप झाली. पहिले काही दिवस मी माणसांत नव्हते. पाणी प्यायलं तरी तोंडात गंजलेला खिळा धरल्यासारखी चव. आता उलट्या थांबल्यात, पण कालपासून केस हातात येऊ लागलेत. उशीवर बघितलं की वाटतं कोणी दुसरीच बाई रात्रीतून झोपून गेली.

हे सगळं सोसलं असतं. लिहायचं वेगळंच आहे.

काल नर्सबाई म्हणाल्या, आता सैल झगे पुरे झाले, स्वतःचे कपडे घालून जरा खाली उतरा. मी कपाट उघडलं. माझे सगळे ब्लाउज नीट इस्त्री करून टांगलेले. हात लावला तर प्रत्येकाला आतून कापसाची मऊ गादी शिवलेली. मला न सांगता, न विचारता, एकूण एक. टाके इतके बारीक की बोटाला लागू नयेत. माझी नजर जाऊ नये म्हणून आतल्या शिवणीचा दोरासुद्धा रंगाला रंग मिळवून घेतलेला. हे काम यांनी कधी केलं असेल ते मला कळलं. खाली झोपायला का गेले तेही कळलं. वन्सं, खोटं कशाला सांगू, मला क्षणभर फार बरं वाटलं.

मग मी त्यातला एक घातला आणि आरशासमोर उभी राहिले. गादी उजव्या बाजूला होती. जिथे माझं मला आहे तिथे अजून एक, आणि जिथे काही नाही तिथे नुसतंच लोंबणारं कापड. दुसरा घातला, तसाच. तिसरा बघितला, तोही तसाच. सगळेच्या सगळे उजव्या बाजूला.

आधी मला हसू आलं. मोठ्याने हसले. मग बसले ती रडतच राहिले. ज्या माणसाला गिऱ्हाइकाच्या एका खांद्यातला अर्ध्या बोटाचा उतार दाराशी बसून दिसतो, त्याला आपल्या बायकोची कुठली बाजू गेली ते माहीत नाही. एकदा, चुकूनसुद्धा, बघितलं असतं तरी पुरे होतं. चिडून बघितलं असतं तरी चाललं असतं.

मी ब्लाउज जागच्या जागी टांगला आणि कपाट लावलं. भांडं आपटायचंही मनात आलं नाही, यावरून काय ते समजा.

दुसरी खेप नऊ तारखेला आहे. मी जाणार नाही, असं ठरवलंय. आठ दिवस ओकायचं, टकली व्हायचं, ते कशासाठी? जिच्याकडे घरचा माणूस बघू शकत नाही ती बाई टिकवून ठेवायला? डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या ते माझ्या लक्षात आहे, तुम्ही पुन्हा सांगू नका. यांना यातलं काही कळवू नका. तुम्हाला माझी शपथ आहे.

कळावे. लोभ ठेवा, मला सध्या परतफेड जमणार नाही.

तुमची
वहिनी

———

ता. ४ मार्च

ती. स्व. दादास,

शि. सा. न. वि. वि.

वहिनीने मला शपथ घातली आहे आणि ती मी मोडते आहे. मोडल्याचं पाप लागायचं तर लागो, मुलींच्या खोल्या तपासून मी आधीच बरंच साठवलंय.

तू वहिनीचे सगळे ब्लाउज दुरुस्त केलेस. गादी उजव्या बाजूला लावलीस. ऑपरेशन डाव्या बाजूचं झालंय, दादा. ही ओळ पुन्हा एकदा वाच आणि मग पुढे वाच.

तुझ्या हातून शिलाईत चूक होत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. म्हणून तिला ही चूक लागली. ती चूक हाताची नाही हे तिने ओळखलं. तू बघितलं नाहीस. एवढ्या दिवसांत तू तिच्याकडे एकदाही बघितलं नाहीस.

आणि ती आता नऊ तारखेला दवाखान्यात जाणार नाही म्हणते. खेप चुकली तर काय होईल ते तुला मी सांगायला नको, डॉक्टरीणबाईंनी बोलावलं तेव्हा तू शेजारीच बसला होतास. मला इथून हलता येत नाही. फोन केला तर तू हूं म्हणशील आणि ठेवशील, म्हणून लिहिते आहे.

तू आईच्या दारात उभा राहिलास. वहिनीच्या दारात उभा राहू नकोस. आत जा. काय बोलायचं ते सुचलं नाही तर काही बोलू नकोस, पण आत जा.

लहान तोंडी मोठा घास घेतला आहे. रागावलास तरी चालेल, लोभ मात्र तिच्याकडे आधी पोचव आणि उरला तर मला पाठव.

तुझी
ठमी

———

ता. ७ मार्च

चि. ठमीस,

अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. मला पत्र लिहिता येत नाही, तुला माहीत आहे.

चूक कशी झाली ते सांगतो. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाईंनी कागदावर बाईचं चित्र काढून आम्हाला समजावलं होतं. फुली मारली होती. तो कागद माझ्या खिशात राहिला. काम करताना मी ब्लाउज उलटा करून मेजावर पसरला आणि चित्र शेजारी ठेवलं. चित्रात फुली ज्या हाताला होती त्याच हाताला गादी बसवली. कापड उलटं केलं की बाजू बदलते. पहिल्या आठवड्यात शिकवतात ते. डावी बाजू गेली हे मला माहीत होतं गं. पण हात चित्राप्रमाणे चालला. माणूस डोळ्यांसमोर असतं तर चुकलो नसतो.

कागदाकडे मला बघता येत होतं.

कापणं हा माझा धंदा. पण मी कापतो ते जोडण्यासाठी. हिचं कापलेलं मला जोडता येणार नाही, म्हणून बघवत नव्हतं. हिची किळस येते असं हिला वाटत असेल, तर ते खरं नाही. भीती वाटते. बघितलं की ही जाईल, असं काहीतरी डोक्यात बसलंय. आईच्या वेळीही तसंच बसलं होतं.

काल वर गेलो. सगळे ब्लाउज उसवून देतो म्हणालो. ही म्हणाली, हात लावायचा नाही. मग मी खाली आलो. परवा सोमवार आहे. ही तयार होईल असं दिसत नाही. काय करावं कळत नाही, पण दारात उभा राहणार नाही.

आशीर्वाद आहेतच. लोभाचं तू लिहिलंस ते बरोबर आहे, आधी वरच्या खोलीत पोचवतो.

तुझा
दादा

———

ता. १७ मार्च

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि.

तुम्हाला शपथ घालणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं. यापुढे काही लपवायचं असलं तर मी तुमच्या वसतिगृहाच्या फळ्यावरच लिहून ठेवीन. दोन दिवस तुमच्यावर खूप चिडले होते, ते इथे लिहून संपवते.

सोमवारी सकाळी मी अंथरुणातच होते. दवाखान्याला निघायची वेळ जवळ आली तरी उठले नाही. खाली दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. भर दिवसा, गिऱ्हाइकाच्या वेळेला. मग हे वर आले आणि म्हणाले, खाली ये, माप घ्यायचंय. मी म्हटलं, मला काही शिवायचं नाही. तर म्हणाले, तुला नसेल, मला आहे. तुमच्या भावाने असं उलट उत्तर मला पहिल्यांदाच दिलं असेल.

मी खाली गेले ती भांडायलाच. मापाच्या जागी उभी राहिले, पडदा ओढला आणि सवयीने वाट बघत राहिले. पलीकडून वही उघडल्याचा आवाज आला नाही. हे पडदा सारून अलीकडे आले. टेप गळ्यात होता आणि वही त्यांनी माझ्या हातात दिली. म्हणाले, तू लिही.

मी म्हटलं, नीट बघून माप घेणार असाल तरच झग्याचे बंद सोडते, नाहीतर वर जाते. ते हो म्हणाले. मी बंद सोडले. वन्सं, मला वाटलं होतं मला लाज वाटेल. वाटली नाही. भीती मात्र खूप वाटली, की आत्ता हे मान खाली घालतील आणि मग सगळंच संपेल. त्यांनी मान खाली घातली नाही. बराच वेळ बघत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण पुसायलाही दुसरीकडे बघितलं नाही. मग विचारलं, दुखतं का. सव्वा महिना मी घरी होते, हे तेव्हा विचारलं.

मग टेप लावला. खांदा सांगितला, छाती सांगितली, मी लिहीत गेले. शेवटी डाव्या बाजूला आले. टेप तिथे सपाट पडला होता. त्यांनी तळहात ठेवला त्या जागेवर, टाक्यांच्या रेघेवर, आणि तसाच ठेवला. हाताला खडू होता. मी विचारलं, इथे काय लिहू. म्हणाले, सपाट लिही, मी सपाटच शिवीन, गादी तुला हवी असेल तर तू सांग. मी लिहिलं, डावी बाजू सपाट. अक्षर वेडंवाकडं आलंय, पण वाचता येतं.

आम्ही उशिरा पोचलो. डॉक्टरीणबाई वेळेवरून बोलल्या, मग तपासताना म्हणाल्या, जखमेवर हे पांढरं काय लावलंय, घरगुती औषधं करू नका. मी म्हटलं, औषध नाही, दुकानातला खडू आहे. हे बाकावर बसून स्वतःच्या टोपीची शिवण बघत होते. सलाईन संपेपर्यंत तिथेच बसले. शेजारच्या बाईच्या चादरीची किनार उसवली होती, तीही दुरुस्त करून दिली.

ही खेप पहिल्यापेक्षा वाईट गेली. परवापर्यंत मी बादलीशीच बोलत होते. केस सगळे गेले. पुढच्या अहवालात काय येईल ते कोणी सांगत नाही आणि मीही विचारत नाही. रात्री भीती वाटते, ती वाटतेच. पण तीस तारखेला तिसरी खेप आहे आणि मी जाणार आहे. भिंतीवर काल नवी रेघ मारली, आधीच्या रेघांपासून जरा सुटी दिसते. ब्लाउज यांनी उसवले, पण एक मी उसवू दिला नाही, तो कपाटात तसाच टांगलाय. पुढे कधी हे आपल्या शिलाईबद्दल फुशारकी मारू लागले तर काढून दाखवीन.

अंथरूण सोमवारीच वर आणलं. तुमचा भाऊ रात्रभर खोकतो आणि माझी खरंच झोप मोडते. काल तर मनात आलं, खाली जाऊन झोपा म्हणावं. म्हटलं नाही.

कळावे. परीक्षा संपल्या की या. लोभ होताच, तो आता दोघांचा मिळून धरावा.

तुमची
वहिनी

ता. क. माझा डावा हात आता कानापर्यंत पोचतो. तुमचा कान पिळण्याइतका आला की कळवीन.