बोलण्यावरून भरवसा

९ जानेवारी २०००

तो आला, बसला, दोन वाक्यं बोलला, आणि मला माझ्याच घरात गावंढळ वाटायला लागलं.

हर्षवर्धन नाव. पुण्याचा. इंटरनेट मार्केटिंग तज्ज्ञ – कार्डावर तसंच छापलंय. नवऱ्याच्या, हेमंतच्या, कंपनीतल्या कुणीतरी पाठवला. "आपल्या वधूवर मंडळाचं कार्य उत्तम आहे, परंतु ते लोकांपर्यंत पोहोचत नाही." परंतु म्हणाला! आमच्याकडे 'परंतु' फक्त पेपरात असतो. घरात 'पण', आणि सासूबाईंचा 'मगर'.

सासूबाई म्हणाल्या, "हौ, मगर आमच्याकडं लोकं वळखीनंच येतेत बगा." मी पदराशी चाळा करत खाली बघत राहिले.

पण त्याचं खरं आहे. मंडळ म्हणजे हैदराबादेत नारायणगुड्यातल्या आमच्या घराची पुढची खोली आणि सासूबाई. निजामाच्या काळापासूनची मराठी घरं येतात. पुण्यामुंबईहून जी कॉम्प्युटरवाली मंडळी इकडे आलीत त्यांना आम्ही ठाऊकही नाही. ती स्थळं पुण्यातच शोधतात. दहा वर्षांनी सासूबाईंच्या खोलीत कोण येणार?

१२ जानेवारी

हेमंत म्हणाला, "माणूस बरा दिसतो. पण आधी कुणालातरी विचार." बरोबर आहे. मी काही भोळी नाही. हर्षवर्धनला स्पष्ट म्हटलं, ज्याचं काम केलंत त्याचा नंबर द्या. त्याने लगेच दिला – पुण्याचे कुणी किशोर, भेटवस्तूंचं दुकान. त्यांचा अभिप्राय हर्षवर्धनच्या स्वतःच्या साईटवर आहे म्हणे.

एसटीडी बूथवरून लावला. विचारलं, माणूस विश्वासाचा आहे का? पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं लाईन कटली. मग म्हणाले, "हो. चांगला गृहस्थ आहे. निश्चिंत राहा."

निश्चिंत! काय स्वच्छ बोलतात ही माणसं. झालं माझं समाधान.

१५ जानेवारी

सासूबाई संक्रांतीला नणंदेकडे नांदेडला गेल्या. पंधरा दिवस तरी येत नाहीत.

आज हर्षवर्धनने माझ्याकडूनही एक अभिप्राय लिहून घेतला. साईट अजून व्हायची आहे, मी तसं म्हटलंही. "निकाल तर येणारच आहेत, आत्ताच लिहून ठेवूया." तो सांगत गेला, मी लिहीत गेले. 'यांच्या मार्गदर्शनामुळे आमच्या मंडळाचा विस्तार अनेक पटींनी झाला. – सौ. अश्विनी सोळंके, हैदराबाद.' वाचून बघितलं. एकही हैदराबादी शब्द नाही. खरं सांगायचं तर फार आवडलं मला ते.

१९ जानेवारी

त्याचा सल्ला – मुलींचे फोटो आणि घरचे फोन नंबर थेट साईटवर. "मधला माणूस काढून टाका, वहिनी. जग थेट झालंय."

सासूबाईंची रीत उलटी. फोटो त्यांच्या कपाटातल्या डब्यात. समोर बसून दाखवणार, बघून झाला की परत डब्यात. घराबाहेर एक फोटो जात नाही. आणि नवीन मुलगी आली की तिच्या आईला माझ्याबरोबर चहा करायला आत पाठवायचं, मुलीला एकटीला पुसायचं – करायचंय का तुला? खरं सांग. ती 'हौ' म्हणाली तरच फोटो डब्यात जातो. सगळ्या हैदराबादेत ही रीत ठाऊक आहे. म्हणून तर मुली फोटो देतात.

हर्षवर्धनला सांगितलं तर हसला. वाईट नाही हसला, कौतुकानं हसला. मलाही ती रीत एकदम जुनाट वाटली.

कपाटाची किल्ली देवघरात असते.

२२ जानेवारी

साईट झाली! कोपऱ्यातल्या इंटरनेट कॅफेत जाऊन बघितली. खाली काउंटर आहे, किती जणांनी पाहिलं त्याचा. चार हजारांच्या वर! एका दिवसात! घरी येऊन शिरा केला.

२७ जानेवारी

एकही फोन नाही. हर्षवर्धन म्हणतो धीर धरा.

१ फेब्रुवारी

सकाळी एकनाथराव आले. जामबागचे, निशिगंधाचे वडील. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

निशिगंधा तिथल्याच शाळेत शिकवते. साईटवरच्या तिच्या फोटोचा प्रिंट कुणीतरी शाळेच्या फाटकावर चिकटवला. खाली घरचा नंबर. आठवडाभर घरी फोन येतायत – "मॅडम है क्या?" आणि हसणं. हेडमास्तरांनी तिला बोलावून घेतलं. तिलाच!

"सुशीलाबाईवर भरोसा ठेवून फोटो दिला होता," सासूबाईंचं नाव घेऊन एवढंच म्हणाले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी चपला घातल्या आणि गेले. मी दारातच उभी. त्या क्षणी मला लाज नाही वाटली, भीती वाटली – सासूबाईंना कळेल याची. लाज नंतर आली. अजून आहे.

२ फेब्रुवारी

हर्षवर्धनला फोन केला. "प्रसिद्धीचे थोडे पडसाद उमटतातच. आत्ता काढलंत तर नुकसान आपलंच." तीच भाषा. तेच सुंदर शब्द. साईटचा पासवर्ड त्याच्याकडे.

हेमंतला सगळं सांगितलं. तो रागावला नाही, हाच त्याचा दोष. रात्रभर कंपनीतल्या कॉम्प्युटरवरून साईटच्या सर्व्हरवाल्यांना ईमेल पाठवत बसला.

४ फेब्रुवारी

फोटो निघाले एकदाचे. हेमंत म्हणाला, "आणि ऐक, तो काउंटर कुठल्याही आकड्यापासून सुरू करता येतो." म्हणजे चार हजार हर्षवर्धननेच टाकलेले. वरच्या आकड्यांत दहा-बारा वेळा तर मीच असणार.

मी त्याला कशावरून पारखलं? कामावरून नाही. 'परंतु' आणि 'निश्चिंत' यावरून. इथला कुणी 'करूंगा बोलके' म्हणत आला असता तर मी त्याला सतरा प्रश्न विचारले असते. हा शुद्ध बोलला आणि मी कपाटाची किल्ली काढली.

५ फेब्रुवारी

सासूबाई आल्या. रिक्षातून उतरायच्या आधीच त्यांना कळलेलं होतं. मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "पोरीला पुसलं का ग तू?"

नाही पुसलं.

"मग," म्हणाल्या. हातपाय धुतले आणि तशाच जामबागला निघाल्या. मी येते म्हटलं तर नको म्हणाल्या.

संध्याकाळी परत आल्या. निशिगंधाला काय सांगितलं माहितीये? "किल्ली मी बाहेर ठेवली, चूक माझी." माझं नावही घेतलं नाही. मग त्या हेडमास्तरांच्या घरी जाऊन बसल्या, आणि ते निशिगंधाला चांगलं बोलेपर्यंत उठल्या नाहीत. मला हे एकनाथरावांच्या बायकोकडून फोनवर कळलं. शिव्या दिल्या असत्या तर झेलल्या असत्या. हे कसं झेलायचं?

७ फेब्रुवारी

पुण्याला किशोरना फोन लावला. सरळ विचारलं, तुमचा फायदा झाला होता का?

मग म्हणाले, "खरं सांगू? तो अभिप्राय मी काम दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी लिहून दिला होता. पुढे काहीच झालं नाही. पैसे गेले." मग मला का सांगितलंत चांगला आहे म्हणून? "तुम्ही विचारलंत... नाही म्हटलं असतं तर मग लिहिलंत कशाला, असं विचारलं असतंत."

बूथवर लोक उभे होते तरी मी बोलायची थांबले नाही. लाज नाही वाटली का म्हटलं. एका मुलीची शाळेत बेअब्रू झाली तुमच्या एका शब्दापायी, म्हटलं. ते ऐकून घेत होते. नालायक माणूस. घरी येईपर्यंत जरा हलकं वाटलं. चला, दोषी सापडला.

८ फेब्रुवारी

माझाही अभिप्राय हर्षवर्धनच्या साईटवर आहे. काल बूथवर बोलताना आठवलासुद्धा नाही! आज कॅफेत जाऊन बघितलं – किशोरच्या बरोबर खाली. काढा म्हणून ईमेल केली.

हे ना हेमंतला ठाऊक, ना सासूबाईंना.

१३ फेब्रुवारी

उत्तर नाही. अभिप्राय तिथेच. सासूबाईंना आज सांगणार होते. त्या डब्यातले फोटो एकेक पुसून परत ठेवत होत्या. नाही सांगवलं. उद्या.

१९ फेब्रुवारी

एकनाथराव आणि निशिगंधा आले होते. सासूबाईंनी एकनाथरावांना आत पाठवलं, निशिगंधाला एकटीला पुन्हा पुसलं. मी चहा करताना कान देऊन होते. "हौ," म्हणाली ती. फोटो पुन्हा डब्यात गेला. मी ओट्याला टेकून रडले. सासूबाईंना उद्या नक्की सांगणार.

२० फेब्रुवारी

दुपारी फोन. निजामाबादहून एक बाई, इंदुताई. पापड-मसाल्याचं काम आहे, ते इंटरनेटवर टाकायचंय. "तुमचं नाव वाचलं बगा त्या साईटवर. नंबर त्यानंच दिला. मानूस भरोशाचा हाय का?"

सासूबाई समोर गहू निवडत होत्या. कोण आहे, असं त्यांनी मानेनंच विचारलं.

मी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हो. चांगला गृहस्थ आहे. निश्चिंत राहा."

"किती चांगलं बोलता हो तुम्ही," ती म्हणाली. "पुण्याच्या हाव काय? ऐकूनच भरोसा आला."

तिचा नंबर मी घेतला नाही.