डाव्या बाजूची गिटार

रवि., ९ नोव्हें.
दिवाळीआधीपासून इथं एक ओळ नाही. चूक माझीच. लिहायला बसलं की स्वतःची तपासणी होते, ती टाळत होतो.
पुण्याहून मागवलेल्या रेकॉर्ड आल्या. परदेशी, नाचाच्या ठेक्याच्या. दोन फंक, एक अ‍ॅसिड जॅझ. घरच्यांना त्रास नको म्हणून हेडफोनवर. नारिंगी कव्हरची फंक: बास भरीव, ड्रमवाला हलगीवाल्यासारखा पहिल्या ठोक्यावर ठाम. गिटार अजिबात नाही. हे धाडस आवडलं. निसारला तसं कळवलं. तो कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, आम्हा दोघांनाच हे वेड.

सोम., १०
अ‍ॅसिड जॅझ. ऑर्गन सुरेख, घाई नाही. पण कव्हरवर बासरीवाल्याचं नाव आहे आणि बासरी कुठंच नाही. नारिंगी कव्हर पुन्हा पाहिलं. त्यावरही गिटारवाला आहे. हेडफोनच्या डाव्या बाजूनं काहीच येत नाही. म्हणजे प्रती खराब. दुकानदाराला मेसेज केला, डावी बाजू मुकी आहे. वाद न घालता म्हणाला, परत पाठवा, दुसऱ्या देतो.

बुध., १२
निसार कॉलेजातून घरी आला. पाठवायच्या आधी ऐकू दे म्हणाला. हेडफोन त्याच्या कानावर, त्यामुळे ओरडूनच बोलला, "काय बे, एवढी गिटार वाजायली अन् तू म्हणतो न्हाईच?" मी हसलो. चहा पिऊन तो गेला.
मग हेडफोन उलटा लावला, डावी बाजू उजव्या कानावर. गिटार आली. टोकदार, खट्याळ. ऑर्गनच्या रेकॉर्डला बासरी आली, ऑर्गन गेला.
रेकॉर्ड चांगल्या आहेत.

गुरु., १३
वर्गात माझ्या तासाला डावीकडच्या बाकांवरून प्रश्न येत नाहीत, म्हणून परवा त्या पोरांना बोललो होतो. विचारत असतील तर?
उन्हाळ्यात भाच्याच्या हळदीला पोरं डीजेजवळ जाऊ नयेत म्हणून मीच स्पीकरच्या पेट्यांना डावा खांदा लावून उभा होतो. ते कारण, की वडिलांचं दुखणं? अण्णांचे आधी कान गेले, मग बोलणंही. जेवायला हाक मारायची तर खांद्याला हात लावावा लागे. एवढ्यात माझंही तसं…
दुकानदाराची माफी मागितली. प्रती ठीक आहेत, एवढंच लिहिलं. पूर्ण खरं नाही ते.

शुक्र., १४
बायकोला, सुनीताला, सांगितलं. ती भाजी निवडत होती, हात थांबले. जेवताना ती कायम माझ्या डावीकडं बसते.
"मला वाटायलं, तुम्हाला माझ्याशी बोलायचंच नाही."
कधीपासून, मी विचारलं. ती उठून माझ्या उजवीकडं येऊन बसली, पण बोलली काहीच नाही. मला भीती वाटली, की ती बोलतेय आणि मला उजवीकडूनही…
उद्या: रजा टाकून सुनीतासोबत बीडला, कानाच्या डॉक्टरकडे.