तिटकाऱ्याचे साठ शब्द

३ डिसेंबर, मंगळवार
काम मिळालं. घरी बसून, लॅपटॉपवर. पुण्याची कंपनी आहे, मशीनला माणसांची घाण भाषा ओळखायला शिकवणार म्हणे. साठ शब्द. डावीकडे इंग्रजी, मध्ये अरबी, उजवीकडे माझं मराठी, आणि प्रत्येकाखाली एक उदाहरणाचं वाक्य. सगळे शब्द द्वेषाचे नाहीतर किळसेचे. अरबी येणारी बाई मोहाडीसारख्या विणकरांच्या गावात सापडली याचं पुण्याच्या मॅडमना फार नवल. नऊ वर्षं कुवेतमध्ये नवऱ्याबरोबर राहून रोजची भाजी आणली मी, तेवढं तर येणारच.

ते तिथेच आहेत अजून. मी परत आले, कारण तीन वर्षांपूर्वी त्यांच्या आईला लकवा मारला. डावी बाजू गेली, जीभ शाबूत. देवालाही काय ठेवावं आणि काय न्यावं ते कळत नाही.

४ डिसेंबर
हेट, लोद, डिटेस्ट. तिघांना तीन निराळे शब्द हवेत. इंग्रजांनी द्वेषाचं दुकानच मांडलंय. अरबी 'करफ' सोपा गेला. तिकडची आमची इजिप्तची शेजारीण दिवसातून दहादा म्हणायची, लिफ्टला, नळाला, नवऱ्याला. 'शिसारी' लिहिलं. उदाहरण: 'सासूचं शौचाचं भांडं उचलताना मला रोज शिसारी येते.' खरं तेच लिहिलं.

दुपारी सा.बां.ची चादर दोनदा बदलली. सासूबाई एवढं लांब लिहायचा आता कंटाळा येतो.

५ डिसेंबर
पुण्याचा शेरा आला. उदाहरणं फार वैयक्तिक आहेत, सर्वसामान्य घ्यावीत. उदा. 'मला पालीची किळस वाटते.'

पाल! या बाईंनी जन्मात कुणाचा द्वेष केलेला नाही, किंवा केला असेल तर अर्ज देऊन, भरपगारी रजेवर.

संध्याकाळी लाखांदूरहून दिराचा फोन. रविवारी गाडी घेऊन येतो, आईला कायमचं नेतो. "वयनी, आता आमाले बी सेवा करू द्या." तीन वर्षं मी मागे लागले होते तेव्हा सेवा सुचली नाही. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला पाहुणे जमले होते, तिथे कुणीतरी चारचौघांत टोचलं असणार. एरवी हा माणूस वर्षातून दोनदा डझनभर केळी घेऊन येतो आणि चहा होईपर्यंत आईच्या खाटेपासून चार हात लांब बसतो.

कुवेतला नवऱ्याला विचारलं. "तुला बरं वाटेल ते कर." लग्नापासून हे एकच वाक्य ऐकते आहे.

म्हणजे रविवारी सुटका. आज पोटभर जेवले.

६ डिसेंबर
सा.बां.ना सांगितलं, रविवारी लाखांदूर. उजव्या हाताने चादर ओढून घेतली. मग तासाभराने, "दिवसभर काय लिहून रायली वो?" म्हटलं, द्वेषाचे शब्द. वाटलं गप्प होतील.

"मंग मले इचार ना. तुले काय येते."

'बुग्द' आणि 'हिक्द' या दोन अरबी शब्दांपाशी कालपासून अडले होते. अर्थ सांगितला: एक मनात गाठ मारून बसलेला, दुसरा दबा धरून वेळेची वाट पाहणारा. छताकडे बघत म्हणाल्या, पहिली अढी, दुसरा डूख, सापाचा असते तो. अर्धं मिनिटही लागलं नाही. मग घिन, खार, आकस, वीट, मागावर या काठापासून त्या काठाला धोटा फेकावा तसे एकामागून एक. मध्येच भांडं मागितलं, ते झालं, पुन्हा सुरू. संध्याकाळपर्यंत सतरा शब्द. यांचं शिक्षण दुसरी पास. मला मजा आली, हे लिहायलाही लाज वाटते.

७ डिसेंबर, शनिवार
उद्या जाणार म्हणून विचारूनच टाकलं.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्नानंतर मी विणायला घेतलेली पहिली साडी मागावर होती, महिनाभर खपून. काठात एक धागा चुकला, पाच बोटं लांब. व्यापारी माल न्यायला आलेला, गल्लीतल्या बाया दारात. त्यांच्यादेखत सा.बां.नी कात्री आणली आणि मागावरच साडी आडवी कापली. त्यानंतर मी मागावर बसले नाही. म्हटलं, तेव्हा थोडं तरी वाईट वाटलं होतं का? माणूस शेवटाकडे जरा नरम होतं, अशी माझी खुळी समजूत.

"आजबी कापली असती. दोनदा सांगतलं होतं, उसव. तू तशीच इनत गेली. तुले वाटलं, घडीत झाकून जाईन."

हे खरं आहे. चुकलेली बाजू आत घेऊन घडी घालायची, व्यापाऱ्याला दिसणार नाही, असंच धरून चालले होते मी. आजवर कुणाला सांगितलं नाही, या वहीलाही नाही. भयंकर राग आला. रात्रीचा भात त्यांच्यापुढे आदळला. त्यांनी सगळा खाल्ला आणि मीठ कमी म्हणून सांगितलं.

८ डिसेंबर, रविवार
गाडी अकराला आली. दीर आणि जाऊ. जाऊबाईंनी दारातच पदर नाकाला लावला तो काढलाच नाही. मागच्या सीटवर खताच्या पोत्यांचं प्लास्टिक अंथरून आणलं आहे. "वयनी, गाडी दुसऱ्याची हाये, रस्त्यात काई झालं तं." हे सा.बां.च्या खाटेशेजारी उभं राहून, जसं काही लकवा कानांना झालाय. कपडे बांधायला घेतले तर जाऊ म्हणे नको, वास जात नाही, तिकडं जुनेर आहे. सा.बां.ची खोली कुठली, विचारलं. गुरांच्या कोठ्याला लागून काढली आहे, तिथं धुवायला बरं पडते.

कन्टेम्प्ट आणि 'इह्तिकार', दोन्हींपुढे काल 'तुच्छता' लिहून ठेवलं होतं. उदाहरण सुचत नव्हतं. आता प्लास्टिकसकट सुचलं, पुण्याला चालणार नाही.

मला या बाईची शिसारी येते. रोज येते, रोज गिळते. तीन वर्षं तोंडावर शिव्या दिल्या आणि खाल्ल्या. पण हे नाकाला पदर लावून उभं राहणं बघवेना. दिराला म्हटलं, बाहेर बसा, त्यांची वेणी घालते. दार लोटून कडी लावली. वेणी घातली, चार केस उरलेत. विचारलं, जायचं का?

उजव्या हाताने त्यांनी वेणी चाचपून पाहिली.

"तिकडं मले कोनी शिव्या बी देनार नाई."

आवाज नेहमीचाच होता. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. मी खाटेच्या कडेला बसून हे लिहिते आहे आणि त्या मला लिहिताना बघताहेत. बाहेर दुसऱ्यांदा हॉर्न वाजला. कडी अजून काढलेली नाही.