दादाने सोपवलेली चौकशी

३ फेब्रुवारी
दादा यातून उठणार नाही. डॉक्टरांनी वहिनीला बाहेर नेऊन सांगितलं. त्याला न सांगताच कळलेलं! मला जवळ बसवून म्हणाला, "वकीलबाई, तुझ्यासाठी एक चौकशी आहे." मी वकील नाही. अपघातांच्या चौकशीत साक्षीदारांचे जबाब घेते. त्याच्या लेखी सगळं एकच.

चौकशी कसली, तर येशू मेल्यावर खरंच पुन्हा उठला का! तीस वर्षं चर्चमध्ये पाळक असलेला माणूस हे विचारतो — तेही देवाचं नाव न घेणाऱ्या बहिणीला.

"यासाठी मी बाबांना सोडलं," म्हणाला. त्यानं बाप्तिस्मा घेतला त्या दिवसापासून बाबा त्याच्याशी बोलले नाहीत. शेवटपर्यंत. "खरं नसेल तर मी काय करून बसलो गं? माझं मन राखू नकोस. नेहमी तपासतेस तसं तपास."

५ फेब्रुवारी
बायबलमधले याचे चारही वृत्तान्त शेजारी शेजारी ठेवून वाचले. एकात कबरीपाशी एक तरुण, दुसऱ्यात दोन पुरुष. बायका कुठे एक, कुठे तीन. एवढ्यावरून मी जबाब फेकून देत नाही. उलट, चार जबाब हुबेहूब जुळले की माझ्या मनात पाल चुकचुकते — मंडळी ठरवून आलेली असतात.

आणि पहिल्या साक्षीदार बायका! त्या काळी बायकांच्या शब्दाला विचारत होतं कोण? रचायचंच होतं तर एखादा बडा माणूस उभा केला असता.

८ फेब्रुवारी
आता दुसरी बाजू. याचा उल्लेख असलेली सगळ्यात जुनी पत्रंसुद्धा घटनेनंतर वीसेक वर्षांनी लिहिलेली. वृत्तान्त त्याहून उशिरा. माझे साक्षीदार वीस दिवसांत ट्रकचा रंग विसरतात! पाचशे जणांनी एकदम पाहिलं, असं एका पत्रात आहे. त्या पाचशेंतल्या एकाचंही नाव नाही.

पण एक गोष्ट काही केल्या सुटत नाही. पत्र लिहिणारा मार खातो, तुरुंगात जातो, तरी म्हणणं बदलत नाही. चुकत असेल. खोटं बोलत नसावा.

ऑफिसात समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघवेना. कुणीतरी जबाब द्यायला येऊन बसलंय आणि मी विचारतच नाहीये, असं सारखं वाटत होतं.

९ फेब्रुवारी
खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. वेडेपणा नुसता!

१२ फेब्रुवारी
निष्कर्ष: सिद्ध होत नाही. खोटंही ठरत नाही. पानभर लिहून खाली सही केली.

दुपारी कागद घेऊन गेले. दादाचा हात म्हणजे नुसतं कातडं. वहिनी त्याची उशी सारखी करत होती.

"बोल," तो म्हणाला. डोळे असे, की पुढचं वाक्य ऐकून एकतर जगेल नाहीतर आत्ताच जाईल.

"खरं आहे, दादा. सगळं तपासलं मी. खरं आहे."

तो रडला. मग हसला — कित्येक महिन्यांनी! कागद पर्समधून बाहेर काढलाच नाही.

१४ फेब्रुवारी
गेला. सकाळी नऊला. शांतपणे गेला, वहिनी म्हणते.

१६ फेब्रुवारी
अंत्यविधी. नवे पाळक बोलायला उभे राहिले. "आपल्या पाळकांची बहीण — देव न मानणारी, आयुष्यभर खोटे साक्षीदार पकडणारी — तिनं स्वतः तपासून सांगितलं, हे खरं आहे!" वहिनीनं सांगितलं असणार. तिचा काय दोष? तिनं कानांनी ऐकलं होतं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी बुटांकडे बघत बसले.

माणसं खोटं का बोलतात, हे मी नोकरीत शिकले. भीती, लोभ, सूड. माया कधी त्यात धरलीच नव्हती. आता ते चार जबाब कसे वाचू?

१९ फेब्रुवारी
अन्न जात नाही.

२५ फेब्रुवारी
सकाळी दारात एक अनोळखी बाई. लेक गेल्यापासून तिची प्रार्थना सुटली होती. माझ्याबद्दल ऐकून पुन्हा करायला लागली, म्हणाली. माझे दोन्ही हात धरून विचारलं, "तुम्ही तिथेच गुडघे टेकलेत ना, भावाच्या पलंगाशी? अख्खी खोली उजळली म्हणे!"

अंत्यविधीला फक्त नऊ दिवस झालेत.

"हो," मी म्हणाले.