सगळ्यात वरचं नाव

प्रिय आई,
नमस्कार, आणि आधीच सांगते, मी वेळेवर जेवते. दगडाच्या धुळीने जरासा खोकला आहे, पण मास्क लावते, टेन्शन घेऊ नकोस. तुझा गुडघा काय म्हणतो?

फायनली, मी आणि मिस्त्रीकाका स्मारकावर शहीद सीमारक्षकांची नावं कोरायला लागलो! लिस्ट तारखेप्रमाणे आहे. आपले बाबा युद्धाच्या पहिल्याच दिवशी गेले, म्हणून त्यांचं नाव सगळ्यात वर येणार होतं. शिडीशिवाय कुणाचा हात पोचला नसता. मी दोन दिवस गप्प होते. मी, आई! विचार कर.

मग काकाच मोठ्या साहेबांना म्हणाले, "साहेब, भिंत खालून वर बांधतात. यादीही खालूनच सुरू करू की!"
साहेब हसले आणि हो म्हणाले.

बाबांचं नाव मीच कोरलं. काकांनी आधीच बजावलं होतं, "पोरी, काय रडायचं ते आत्ता रडून घे. दगडावर खोडरबर चालत नाही." एक अक्षरही चुकलं नाही!

तू म्हणालीस, दगड बघायला येणार नाही. मग बघू नकोस. खाली चौथरा आहे, त्यामुळे नावांची सगळ्यात खालची ओळच तुझ्या खांद्याएवढ्या उंचीवर येते, डोळे मिटून नुसता हात ठेव. येशील ना?

तुझीच,
बडबडी