विश्वातला बग आणि क्वार्टरचा प्रश्न

२ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. कारण ऐतिहासिक आहे. हे जग खरं नाही, कोणीतरी कॉम्प्युटरवर चालवलेला प्रोग्रॅम, म्हणजे सिम्युलेशन आहे, असं काल एका व्हिडिओत पाहिलं आणि पाहता पाहता पटलं. एवढी वर्षं ऑफिसात मी दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधले बग काढतोय. मग जगातला बग शोधायला माझ्याइतका लायक माणूस कुठे मिळणार? बाकीच्यांनी नुसत्या गप्पा मारल्या. मी सिद्ध करणार.

बायकोची बदली झाली. दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात, फिजिओथेरपी विभागाची प्रमुख म्हणून. महिनाअखेर हजर व्हायचंय. मी बरोबर येणार का, असं विचारत होती. राहायला हॉस्पिटलचा मोठा क्वार्टर हवा की एकटीपुरती खोली, हे वीस तारखेपर्यंत कळवायचंय म्हणे. छान, म्हणालो. सांगतो, म्हणालो.

४ फेब्रुवारी, सकाळी

पुरावा पहिला: चाव्या. हुकावर नव्हत्या, टेबलावर नव्हत्या, फ्रीजवर नव्हत्या. मग हुकावर होत्या. म्हणजे मधल्या काळात सिस्टिम अपडेट झाली. बायको म्हणाली, तुझ्या पँटच्या खिशातून काढून मीच लावल्या. ही एक शक्यता आहे. पण प्रत्येक गोष्टीला इतकं साधं उत्तर तयार असावं, हेच मुळात संशयास्पद.

पुरावा दुसरा: मोजे. धुवायला जोडीनं जातात, परत येतात एकेकटे. मेमरी वाचवायला सिस्टिमच डिलीट करत असणार.

क्वार्टरचा विषय परत निघाला. सांगतो, म्हणालो.

७ फेब्रुवारी

ध्यानवर्ग लावला. एका बाजूनं तंत्रज्ञान, दुसऱ्या बाजूनं अध्यात्म, मध्ये सत्याची कोंडी करायची असा बेत. वर्गाच्या बाई म्हणाल्या, जे दिसतं ती सगळी माया आहे, फक्त गाडी गेटसमोर लावू नका. मी विचारलं, माया म्हणजे सिम्युलेशनच ना, मग ते चालवतंय कोण? त्या म्हणाल्या, आधी डोळे मिटा. मिटले. शेजारच्या गृहस्थांनी कोपरानं ढोसून उठवलं. घोरणं म्हणजे समाधी नव्हे, असं बाईंचं मत पडलं. माझं वेगळं आहे.

'साक्षीभाव' मात्र शिकलो. जे घडतंय ते नुसतं बघायचं, मध्ये पडायचं नाही. माझा स्वभाव मुळातच तसा आहे. उगाच इतकी वर्षं आळशी म्हणवून घेतलं.

८ फेब्रुवारी

साक्षीभाव सुरू. दूध उतू जाताना पाहिलं. शेवटपर्यंत पाहिलं. बायकोनंही पाहिलं, पण माझ्याकडे. शेगडी तिनंच पुसली. तेही पाहिलं.

१० फेब्रुवारी

मोठा शोध. बायको रोज संध्याकाळी घरी येते, स्टुलावर बसते, बुटाची लेस सोडता सोडता विचारते, क्वार्टरचं काय ठरवलंस. रोज तेच शब्द, तोच सूर, तीच लेस. व्हिडिओ गेममधल्या पात्रांचं असंच असतं. वाक्य ठरलेलं, समोर गेलं की तेवढंच बोलतात. म्हणजे बायको प्रोग्रॅमचा भाग आहे. जरा वाईट वाटलं. माणूस चांगला होता.

पण शास्त्रात भावनेला जागा नाही. उद्यापासून चाचण्या.

११ फेब्रुवारी

टेस्टिंगचा पहिला धडा: प्रोग्रॅमला अपेक्षा नसेल ते द्या. वय विचारलं तर 'खुर्ची' टाइप करा, मग बघा गंमत. संध्याकाळी बायकोनं क्वार्टरचं विचारताच मी म्हणालो, जिराफ.

अपेक्षित परिणाम: सिस्टिम हँग. प्रत्यक्ष परिणाम: बायकोनं माझ्याकडे पाहिलं, दुसरी लेस सोडली आणि आत निघून गेली. एरर नाही, काही नाही. बनवणाऱ्यानं काम चोख केलंय.

१२ फेब्रुवारी

आज 'हो' देऊन पाहिला. ती एक बूट हातात घेऊन तशीच उभी राहिली. खरंच का, असं दोनदा विचारलं. मग हसली. फार दिवसांनी अशी हसली. तिकडे बाल्कनीतून तळं दिसतं, तुझं टेबल तिथेच लावू, असं काय काय बोलत सुटली. मी प्रामाणिक माणूस. लगेच सांगून टाकलं की ही चाचणी होती, उद्या 'नाही'ची आहे.

ती बाथरूममध्ये गेली. बराच वेळ नुसता नळ चालू होता. पाणी वाया जातंय असं म्हणणार होतो, पण साक्षीभाव.

१३ फेब्रुवारी

'नाही' दिला. बरं, म्हणाली.

१४ फेब्रुवारी

रिकामा इनपुट. तिनं विचारलं, मी गप्प. मग तीही गप्प. सगळ्या चाचण्या वेळेत पूर्ण. ऑफिसात माझी इतकी शिस्त कोणी पाहिलेली नाही.

१६ फेब्रुवारी

ऑफिसात जरा गैरसमज. आमचं पार्किंगचं ॲप एकच जागा दोन गाड्यांना देतंय. माझ्याकडे तपासायला आलं. मी लिहिलं की दोष ॲपचा नाही, वास्तवाचा आहे, आणि तक्रार बंद केली. आज एका इमारतीच्या तळघरात दोन गाडीवाल्यांची जुंपली. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, वास्तवाच्या दुरुस्तीचं कंत्राट आपल्याकडे नाही, ॲपचं आहे, तेवढं बघा. दूरदृष्टी नसलेला माणूस. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं.

१९ फेब्रुवारी

विजय. बायकोनं आज विचारलं नाही. कालही नव्हतं विचारलं. आली, लेस सोडली, आत गेली. म्हणजे तेच तेच फिरणारा लूप मी पकडला हे जग चालवणाऱ्या वरच्यांना कळलं आणि त्यांनी घाईघाईनं दुरुस्ती केली. थोडक्यात, वरच्यांचं माझ्यावर लक्ष आहे. छाती फुगली. स्वतःच चहा करून घेतला.

इतर निरीक्षण: हॉलमध्ये मोठी सूटकेस उघडी. आत फक्त तिचे कपडे.

२१ फेब्रुवारी

सहज विचारावं तसं विचारलं की हॉस्पिटलला कळवलंस का. म्हणाली, कळवलं, एकटीपुरती खोली. मी म्हणालो, अगं पण मला न विचारता? तर ती शांतपणे म्हणाली, जिराफ, हो, नाही आणि काहीच नाही, एवढी चार उत्तरं मिळाली, यातलं कोणतं कळवायचं होतं ते सांग.

हे वाक्य तिच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं. म्हणून वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं.

काळजीचं कारण नाही. मुख्य पात्राची बायको अशी मधूनच कोणी काढून घेत नाही. ऐन वेळी काहीतरी होईल.

२७ फेब्रुवारी

काही झालं नाही. टेम्पो वेळेवर आला.

साक्षीभावानं बघायचं ठरवलं होतं, पण पुस्तकांचं खोकं तिला एकटीला उचलेना, तेव्हा गेलो. कमरेतून वाकू नकोस, गुडघ्यातून वाक, असं म्हणाली. पेशंटला सांगतात तसं नाही, आपल्या माणसाला सांगतात तसं. मी वाकलो. बोलायचं होतं, पण खोकं जड होतं आणि जिना अरुंद. मग ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. टेम्पो वळेपर्यंत मी रस्त्यात उभा होतो. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला.

१ मार्च

चाव्या ठेवतो तिथेच सापडतात. काही हलत नाही, काही बदलत नाही. एकही बग नाही. असलं घर मला नको.

संध्याकाळी रिकाम्या स्टुलाकडे बघत बसलो. सिम्युलेशन असेल नाहीतर नसेल. मला ती हवी आहे. हे आधी का सुचलं नाही, यावर विचार केला. मग विचार बंद केला, कारण उत्तर माझ्या बाजूचं नव्हतं.

४ मार्च

साहेबांना विचारलं, दुसऱ्या गावाहून काम केलं तर चालेल का. वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणाले. इतक्या लवकर म्हणायला नको होतं.

लगेच बायकोला फोन लावला. म्हणालो, मी येतोय, कायमचा. खोली लहान असली तरी चालेल. तिनं विचारलं, हे खरं सांगतोयस की चाचणी आहे?

खरं, म्हणालो. म्हणाली, कशावरून?

एवढे दिवस मी अख्ख्या विश्वाला हेच विचारत होतो. माझ्यावर पाळी आली तर एक पुरावा नाही. मग सुचेल ते बोलत सुटलो. म्हणालो, त्या दिवशी 'हो' म्हटल्यावर तू हसलीस, तेव्हा मलाही आनंद झाला होता, म्हणून घाबरलो. नवीन गावात तू प्रमुख आणि मी नुसता तुझ्याबरोबर आलेला, याची भीती वाटली. जग खोटं आहे म्हटलं की काही ठरवावं लागत नाही. हे बोलताना नाक वाहायला लागलं. जन्मात इतकं बोललो नसेन. तिकडून चूं नाही. ऐकतेय, रडतेय, असं वाटलं. आणखी बोललो. शेवटी फोन कानापासून काढून पाहिला, तर कॉल कट झालेला. कधी, देव जाणे.

परत लावतोय. तेच सगळं पहिल्यापासून सांगायचंय आणि यावेळी ते पाठ केल्यासारखं वाटणार. एंगेज येतोय.