लाटांच्या तलावातला नारळ

११ ऑगस्ट १९९४, गुरुवार

ठरलं. मला न विचारता! विश्रामच्या वडिलांनी, त्र्यंबकरावांनी, योजना आखली आणि विश्रामने ती कँटीनमध्ये मला कळवली. दोन्ही घरांनी मिळून सहलीला जायचं. मौजनगरीत, दोन दिवस, मुक्कामासकट. पाळणे, पाण्यातल्या घसरगुंड्या, जादूचे प्रयोग. 'घरी बसून बोललं की माणसं अवघडतात, खेळीमेळीत ओळख होते' – इति त्र्यंबकराव. पावसाळ्यात सवलत असते, हेही तेच म्हणाले.

खरं कारण मला दिसतं. कोळ्याची मुलगी सून म्हणून चालेल का, हे त्यांचं अजून ठरायचं आहे. आमच्या घरी येऊन बघायचं नाही – वास येतो. म्हणून पाळण्यात बसवून बघायचं.

मी पंपांच्या कारखान्यात तपासणीला आहे. माल पास करायचा की परत पाठवायचा, हे माझं रोजचं काम. टेबलावर आपणच असलो की कसं वाटतं, ते आता कळेल.

१३ ऑगस्ट

आईला तारखा सांगितल्या. ती सुकट निवडत होती. हात थांबले.

'एकवीसला पुनव हाय.'

नारळी पुनव! माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

'त्यांना सांग, आमचा सन हाय.'

'त्यांना रविवारशिवाय जमत नाही.'

'मंग दर्याला सांगू, बाबा, तू सोमवारी ये?'

कान्हा खो खो हसला. त्याला फक्त रोलर कोस्टर दिसतंय, माझ्या धाकट्या भावाला! शेवटी तोड निघाली – रविवारी दुपारी तिथून निघायचं, संध्याकाळी पूजेला खाडीवर पोचायचं. बाबा येणार नाहीत. होडी रंगवायची आहे म्हणे. होडी गेल्याच आठवड्यात रंगवून झाली. त्र्यंबकरावांच्या समोर बसायचं नाही, एवढंच. सुटले ते!

२० ऑगस्ट, शनिवार. मौजनगरी

त्यांची मॅटाडोर शीळफाट्याला आमच्यासाठी थांबली होती. आईने कासोटा मारून नवं लुगडं नेसलेलं, अंगावर असेल नसेल तेवढं सोनं. 'साधं नेस' असं मी दोनदा सांगितलं होतं. पिशवीत नारळ, सोनेरी कागदात गुंडाळलेला. 'उद्या उशीर जाला, तं नारल कुठं शोधू?'

उत्तराने – विश्रामची बहीण – तो पाहिला आणि खिडकीबाहेर बघून हसली. सरोजबाईंनी, म्हणजे विश्रामच्या आईने, विचारलं, 'हा कशासाठी हो, चंद्रभागाबाई?' मग आई सुरू झाली. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो, त्याला नारळ द्यायचा, शांत हो म्हणायचं, मग होड्या पाण्यात. सरोजबाई मान हलवत ऐकत होत्या. शाळेतल्या बाईंनी गोष्ट सांगावी आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने ऐकावी तसं. ढोंग!

मौजनगरीच्या दाराशीच गणपतीचं देऊळ आहे, नारळ-फुलांच्या दुकानासकट. पाळण्यात बसण्याआधी देवाला नमस्कार – निदान मालकाला आपली यंत्रं ठाऊक आहेत.

दिवसभर त्यांनी आम्हाला पाहिलं. मीही त्यांना पाहिलं.

त्र्यंबकरावांना पोपटांचा खेळ आवडला. पोपट छोटी सायकल चालवतो, तारेवरून जातो, झेंडा वर चढवतो. ते दोनदा बसले. 'शिक्षणाने पक्षीसुद्धा कुठल्या कुठे जातो,' असं म्हणाले, आणि माझ्याकडे पाहून कौतुकाने हसले. मी उत्तर दिलं नाही. पोपटाने दिलं असतं.

उत्तरा टोरा-टोराच्या, म्हणजे त्या गरगरत्या पाळण्याच्या, रांगेतून हललीच नाही. कान्हा रोलर कोस्टरच्या. त्या दोघांचं चांगलं जमलं, कारण दोघं भेटलीच नाहीत.

सरोजबाईंना जादूचे प्रयोग. जादूगाराने पेटीतली मुलगी गायब केली, तर ह्या उठून उभ्या! 'अगं बाई, गेली कुठे?' पेटीच्या तळाशी दुहेरी फळी होती, चौथ्या रांगेतून दिसत होती. मी सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. मला बरं वाटलं.

'कोलंबस' म्हणजे दोन खांबांमध्ये झुलणारी मोठी होडी. सगळे किंचाळत होते. आई मधल्या बाकावर हाताची घडी घालून, बाजारात टोपलीमागे बसते तशी. उतरल्यावर म्हणाली, 'यवडी हलली नि गेली कुठंच नाय!' त्र्यंबकराव झाडामागे जाऊन ओकून आले.

आणि डॅशिंग कार. ती आईला आवडली. नको तेवढी. चाक फिरवायचं कळलं मात्र – तिने सरोजबाईंना कोपऱ्यात गाठलं. धडक. मागे. पुन्हा धडक. 'सरका व्हो बाय, रस्ता द्या!' सरोजबाई पर्स छातीशी धरून 'अहो, अहो' करत होत्या. कठड्याबाहेर उभी असलेली मी जमीन फाटायची वाट बघत होते. विश्राम मात्र हसत होता. माझ्या कानाशी म्हणाला, 'काय दणकट आई आहे तुझी!' टोमणा नव्हता. ऐकणाऱ्याला कळतं.

संध्याकाळी त्याच्याबरोबर जायंट व्हीलमध्ये बसले. त्याला तेच आवडतं, वर गेलं की कुणी नसतं म्हणून. तो म्हणाला, 'दसऱ्याला साखरपुडा करू या.' मी म्हटलं, 'ह्या बेअरिंगला ग्रीस नाही.' 'सगू, तुझ्याइतकी प्रेमळ मुलगी मी पाहिली नाही,' तो म्हणाला. आम्ही दोघंही हसलो.

ह्या सगळ्या गोतावळ्यात एकटा तो सरळ माणूस आहे.

२१ ऑगस्ट, रविवार. घरी

झालं ते क्रमाने लिहिते.

सकाळी लाटांचा तलाव. मोठा निळा हौद, एका टोकाला उथळ. भोंगा वाजला की पलीकडच्या भिंतीतलं यंत्र लाटा सोडतं. मी आणि उत्तरा कमरेएवढ्या पाण्यात. विश्राम पहाटेच उठून देवळात जाऊन आला होता, तो काठावर टॉवेल सांभाळत उभा. आई आणि सरोजबाई खोल टोकाच्या कठड्याशी, पाय भिजू न देता.

भोंगा वाजला. लाटा आल्या. आणि लाटेबरोबर नारळ आला.

एका गुजराती गृहस्थाच्या कपाळावर बसला. रक्त! बायका ओरडायला लागल्या. शिट्ट्या. यंत्र बंद. शिट्ट्या ऐकून त्र्यंबकरावही धावत आले. 'सब बाहर! सब बाहर!' सुपरवायझर नारळ हातात घेऊन काठाने चालत आला. शेंडी ठेवलेला, कुंकवाची बोटं ओढलेला.

'ये किसका है?'

कुणाला विचारायची गरज काय होती? अख्ख्या मौजनगरीत लुगडं नेसलेली कोळीण एकच. माणसं आपोआप तिच्याकडे वळली. मीही.

'क्या बाई, ये समंदर है क्या? पूजा करने का जगा है?'

आईने एकदा आजूबाजूला पाहिलं. मग म्हणाली, 'चूक जाली, भाऊ.'

त्यांनी तिला ऑफिसात नेलं. दुपार उलटेपर्यंत उभं ठेवलं. जखमी माणसाची माफी मागायला लावली, ती तिने हात जोडून मागितली. तो बिचारा म्हणत होता, 'जवा दो, बेन.' सुपरवायझर मात्र ऐकेना. त्र्यंबकराव त्याला समजावत होते: 'त्यांच्यात तशी चाल आहे हो. अडाणीपणा म्हणा, श्रद्धा म्हणा.' आईच्या तोंडावर! सरोजबाई बाकावर बसून घाम पुसत होत्या. उत्तरा म्हणाली, 'बाबा, लोक बघतायत.' हो, बघत होते.

मॅटाडोरमध्ये सगळे खिडकीबाहेर बघत बसले. फक्त विश्राम म्हणाला, 'जाऊ दे ना. माणसाकडून होतं. मिटलं.' तेवढाच काय तो आधार.

शीळफाट्याला ट्रकांनी रस्ता बंद. खाडीवर पोचलो तेव्हा पूजा उरकली होती. वाजंत्री परत येत होती. बाबा आमच्याकडे न बघता घरात गेले. आईच्या जन्मात पहिली पुनव चुकली.

तिची तिने चुकवली. एक दिवस! एकच दिवस तिला माणसांत नेलं आणि तिने तलावाला नारळ वाहिला. मी तिच्याशी बोललेले नाही. बोलणारही नाही.

२२ ऑगस्ट, सोमवार

कामावरून आल्यावर ओले कपडे काढायला तिची पिशवी उघडली. तळाशी, टॉवेलाखाली, नारळ.

सोनेरी कागदातला. दोरासुद्धा सुटलेला नाही.

मी रोज माल तपासते. आपण स्वतः मोजल्याशिवाय सही करत नाही, अशी माझी फॅक्टरीत ख्याती. ही पिशवी काल परतीच्या वाटेवर माझ्या शेजारी होती.

तिच्यासमोर नेऊन ठेवला.

'मंग?' आई म्हणाली. 'मी काय येरी हाय? टाकीला कोन नारल देतो? दर्या तरी हाय का तो? बटन दाबला का लाट, बटन दाबला का बंद.'

'मग कुणाचा?'

'तुज्या सासूचा.'

सरोजबाईंनी पर्समधून काढला, डोळे मिटून पुटपुटल्या, कठड्यावरून हळूच सोडला. आई शेजारीच होती. 'मी मनात बोलली, बरी हाय बाय. आपल्या सनाचा मान ठेवतंय. मना दाखवायला करतंय. जागा चुकली, पन मन चुकला नाय.'

'मग तू का कबूल झालीस?'

'तिचा तोंड बगितलास? सफेत पडलेली. नवरा शेजारी उभा. ती बोलली असती, तं त्यानं तिला जलमभर सोडली नसती.' मग कोलंबसमध्ये होती तशी हाताची घडी घातली. 'नि दुसरा सांगते, नीट ऐक. तिला म्हायती हाय, का मना म्हायती हाय. आता ती तुला कंदी टाकून बोलायची नाय. हुंडा देत नाय आम्ही. ह्यो दिला.'

मी पाहतच राहिले. ही बाई पापलेटाचा भाव ठरवते तेव्हाही असाच चेहरा असतो.

शप्पथ घातली आहे, त्या घरात कुणाला सांगायचं नाही म्हणून.

२४ ऑगस्ट

विश्राम म्हणाला, साखरपुडा जरा लांबणीवर टाकू. त्याचे बाबा नाराज आहेत. लग्नात काय काय होईल, अशी त्यांना धास्ती. 'तुझ्या आईशी एकदा नीट बोल ना, सगू. शांतपणे. चार लोकांत कसं…' वाक्य पुरं केलं नाही. मी शपथ पाळली. जीभ चावून.

२८ ऑगस्ट, रविवार

सरोजबाई आल्या! एकट्या. विचारत विचारत चेंदणीच्या गल्लीतून. दारात बोंबील वाळत नव्हते, पावसामुळे. पण वास होता. त्यांनी पदर नाकाला लावला नाही. मी मुद्दाम बघत होते.

खुर्चीच्या कडेला बसल्या. पेढ्यांचा पुडा आईच्या हातात दिला आणि तो सोडलाच नाही. दोघींचे हात त्या पुड्यावर.

'चंद्रभागाबाई, त्या दिवशी माझ्या हातून – मी बोलायला हवं होतं –'

'चाय घेनार ना?' आई म्हणाली.

'ह्यांना मी सांगितलंय. परवा. सगळं.'

आईची भुवई वर गेली. हे तिच्या हिशेबात नव्हतं. तिच्याजवळचा हुकमाचा पत्ता बाईने स्वतःच उघडा केला!

'काय बोलले?'

'बोलत नाहीयेत.' सरोजबाई हसल्या. 'जरा शांत वाटतंय घरात.'

आई इतकी हसली की शेजारची कलावती डोकावून गेली. साखरपुडा दसऱ्यालाच. निघताना आई म्हणाली, 'फुडच्या पुनवेला या. खरा दर्या दावते तुमाला. आनि नारल मी देईन, तुमी आनू नका.' त्यावर सरोजबाईंनी तिच्या हातावर चापट मारली. चापट! डॅशिंग कारचं उट्टं असावं.

त्या बाईला मी जादूच्या पेटीची फळी दाखवून दिली होती. उगाच.

आईने ट्रंकेतून साखरपुड्यासाठी जपलेलं हिरवं पातळ काढून दोरीवर टाकलं.

२९ ऑगस्ट, सोमवार

कँटीनमध्ये विश्रामला म्हटलं, 'आता सांगायला हरकत नाही. नारळ माझ्या आईचा नव्हता.'

'माहीत आहे,' तो म्हणाला. 'मीच आणून दिलेला आईला. सकाळी, देवळाजवळून. म्हटलं, तुझ्या आईला बरं वाटेल.'

'मग तिथे गप्प का होतास?'

'अगं, तुझी आई हो म्हणालीच ना! मिटलं होतं.' आणि माझ्या डब्यातली भाजी घेतली.

पातळ घडी करून ट्रंकेत ठेवलं. आई विचारेल, यवड्याशा नारलावरून?